ऑरेंजला काय जुळतं? इंग्रजी यमकं कानाने शोधायची रीत

वरूड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की वर्गातल्या मुलांचं निम्मं लक्ष बाहेर असतं. अशाच एका दुपारी फळ्यावर कॅट, बॅट, रॅट मांडून झालं आणि चौथीतला एक मुलगा खिडकीवरची नजर न काढता म्हणाला, "मॅडम, ऑरेंजले काय जुळते?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं, आणि त्या एका उत्तरापायी पुढची दोन-तीन वर्षं इंग्रजी यमकांच्या मागे लागले. त्यातून शोधायची एक रीत हाताला लागली. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे "फाइंड द ऱ्हाइमिंग वर्ड्स" हा प्रश्न आता घराघरात आलाय. मराठी शाळेत शिकलेले आई-वडील संध्याकाळी पुस्तक उघडून बसतात आणि तिथेच अडतात. त्यांच्यासाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी ही रीत सविस्तर लिहिते आहे. ऑरेंजकडे शेवटी येईन.

आधी डोळे मिटा

सुरुवातीची बरीच वर्षं मी यमकं डोळ्यांनी शोधत होते. दोन शब्दांची शेवटची अक्षरं सारखी दिसली की जोडी फळ्यावर. 'कम' आणि 'होम' दोन्ही ओ-एम-ई ने संपतात, म्हणून मी ती जोडी लिहिली आणि वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतली. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे नाही जुळत. कमले ड्रम जुळते." तिला या शब्दांची स्पेलिंगं अजून येत नव्हती. म्हणूनच ती नीट ऐकत होती.

इंग्रजीत यमक आवाजाचं असतं, स्पेलिंगचं नसतं. हे वाक्य सगळेच शिक्षक म्हणतात, पण फळ्यावर स्पेलिंग आलं की विसरतात. 'फूड', 'गुड' आणि 'ब्लड' तिन्हींच्या शेवटी ओ-ओ-डी आहे, आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. फूडला मूड जुळतो, गुडला वुड (लाकूड) आणि शुड, ब्लडला मड (चिखल) आणि बड (कळी). उलट 'बर्ड', 'वर्ड', 'थर्ड', 'हर्ड' (ऐकलं) यांची स्पेलिंगं वेगवेगळी, पण चारही चोख जुळतात. 'हर्ड'च्या स्पेलिंगमधला पहिला एच काढून तिथे बी ठेवला तर 'बिअर्ड' होतं, म्हणजे दाढी, आणि ती हर्डशी जुळत नाही.

असं का, हे मुलं विचारतातच. थोडक्यात सांगते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर सरकत होते. कागदावर जुना उच्चार राहिला, बोलण्यात नवा आला. 'नाइट' म्हणजे रात्र. त्यातला जी-एच एके काळी घशातून घासून उच्चारला जायचा. जर्मनमध्ये तो 'नाख्ट'मध्ये अजून ऐकू येतो, आणि आपल्याकडच्या 'नक्त' उपवासातला नक्त हा त्याच कुळातला शब्द आहे. नक्त म्हणजेही रात्र. हे सांगितल्यापासून माझ्या वर्गात जी-एच कुणी विसरत नाही.

डोकं आणि शेपटी

मराठी मुलाला यमक शिकवावं लागत नाही. मोर म्हटलं की तो चोर, दोर, पोर म्हणतोच. आता हे शब्द नीट पाहा. ओकाराची मात्रा आणि तिच्यापुढचा र सगळीकडे तोच. मात्रेच्या आधीचं व्यंजन मात्र बदलतं. इंग्रजी यमकाचा नियमही हाच आहे: स्वरापासून शेवटपर्यंत सगळं सारखं, स्वराच्या आधीचं वेगळं. जी मंडळी मराठी गझल वाचतात त्यांना काफियातली अलामत माहीत असते. शेवटचं अक्षर सारखं असून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. इंग्रजी यमकाची अटही जवळपास हीच.

वर्गात आम्ही बदलणाऱ्या भागाला डोकं म्हणतो आणि न बदलणाऱ्याला शेपटी. 'कॅट'चं डोकं क्, शेपटी -ॲट. 'लाइट'चं डोकं ल्, शेपटी -आइट. डोकंही सारखं असेल तर ते यमक नाही. 'सी' म्हणजे पाहणे आणि 'सी' म्हणजे समुद्र. स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा, पण आवाज सगळाच एक. त्याला समोच्चारी शब्द म्हणायचं. उत्तरपत्रिकेत अशी जोडी यमक म्हणून लिहू नका.

आता शोधायचं कसं. पाटीच्या मध्यभागी शेपटी लिहायची आणि डोक्याच्या जागी क पासून ह पर्यंत एकेक अक्षर चढवून पाहायचं. बाराखडी मुलांच्या जिभेवर असते, ती इथे कामाला येते. आपली सगळी वर्णमाला लागत नाही. ळ आणि ण इंग्रजीत डोक्याला येत नाहीत, घ, ढ, ध, भ यांना तिथे जागा नाही. मी या २१ अक्षरांवर स्थिरावले: क ग च ज झ ट ड थ द न प फ ब म य र ल व श स ह. व्ही आणि डब्ल्यू हे इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत, पण आपण दोन्ही 'व'त बसवतो. डोक्यापुरता त्याने यमकाला धक्का लागत नाही.

ड्रमची शेपटी घेऊ, -अम. क चढवला की कम, म्हणजे ये. ग चढवला की गम, डिंक. च ने चम, म्हणजे दोस्त. ड ने डम, मुका. हा शब्द आता माणसांसाठी वापरत नाहीत, हे तिथल्या तिथे सांगावं. थ ने थम, अंगठा. न ने नम, बधिर, थंडीत बोटं होतात तसं. र ने रम. स ने सम, आणि इथे दोन शब्द मिळतात, एक बेरीज आणि एक 'काही'. ह ने हम, गुणगुणणे. ज, झ, ट, ब यांच्यावर मुलं थांबतात आणि विचारतात, "हा शब्द आहे का?" थांबायलाच हवं, त्यावर पुढे लिहिते.

एकेरी अक्षरं संपली की जोडाक्षरं. क्र, ग्र, ट्र, ड्र, प्र, ब्र, फ्र, थ्र हे र वाले आधी, मग क्ल, ग्ल, प्ल, ब्ल, फ्ल, स्ल हे ल वाले, मग स्क, स्ट, स्प, स्म, स्न, स्व, आणि शेवटी तिहेरी स्ट्र, स्प्र, स्क्र. -अम ला यातून प्लम (आलुबुखार), क्रम (पावाचा चुरा), ड्रम, ग्लम (खिन्न), स्लम असे शब्द मिळतात. थम, क्रम, नम, डम या चौघांच्या स्पेलिंगच्या शेवटी मुका बी आहे. डोळ्यांनी शोधलं असतं तर कम, सम आणि थम एका घरात कधीच आले नसते.

कुठल्या शेपटीपासून सुरुवात करावी? १९७० साली रिचर्ड वायली आणि डोनाल्ड डरेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी लहान मुलांच्या वाचनातले शब्द तपासून ३७ शेपट्या काढल्या. एवढ्यांतून जवळपास ५०० सोपे शब्द तयार होतात. -ॲक, -ॲट, -ॲप, -एल, -इंग, -इंक, -इप, -आइट, -आइन, -ऑप, -ऑक, -अग, -अम्प या त्यातल्याच. आठवड्याला एक घेतली तरी वर्षभरात होतात. मी पहिल्या महिन्यात -ॲट, -इंग आणि -ऑप घेते, कारण त्यांत फसवणूक कमी आहे. -आइट नंतर घेते. तिच्यात बाइट, काइट, हाइट, फ्लाइट, व्हाइट, ब्राइट असे भरपूर शब्द मिळतात, पण स्पेलिंगं तीन तऱ्हेची.

देवनागरीची कसोटी, आणि ती कुठे फसते

दोन शब्द जुळतात की नाही याची शंका आली तर दोन्ही देवनागरीत लिहा. आपली लिपी आवाज लिहिते. ओ-यू-जी-एच वर संपणारे शब्दच घ्या. इंग्रजीत पाहिले तर सगळे सख्खे भाऊ. देवनागरीत उतरवले की चेहरे दिसतात: थ्रू (मधून), दो (जरी), टफ (चिवट), कॉफ (खोकला), बाउ (झाडाची फांदी). थ्रूला ब्लू आणि शू जुळतात, दोला गो आणि स्नो, टफला स्टफ आणि पफ, कॉफला ऑफ, बाउला काउ. पाच शब्द, पाच घरं.

याहून मला भावलेलं उदाहरण 'लाफ्टर'चं आहे. लाफ्टर म्हणजे हशा. त्याच्या स्पेलिंगआधी एक एस लावला की होतं 'स्लॉटर', म्हणजे कत्तल. अक्षरं तीच, आवाज पूर्ण बदलला. स्लॉटरला डॉटर आणि वॉटर जुळतात. लाफ्टरला आफ्टर जुळतो.

पण या कसोटीत तीन खड्डे आहेत, आणि मराठी माणूस तिन्हींत पडतो.

पहिला ए-काराचा. फाटकाला आपण 'गेट' लिहितो आणि 'मिळणे' या अर्थाचा शब्दही 'गेट'च लिहितो. मराठीत ऱ्हस्व ए साठी वेगळं चिन्ह नाही. इंग्रजी कानाला मात्र हे दोन वेगळे स्वर आहेत. म्हणून माझ्या वर्गात लांब ए ला अवग्रह लावतात: मिळण्याचा गेट, फाटकाचा गेऽट. पेन लिहायचा, पेऽन दुखण्याचा. सेल म्हणजे विकणे, सेऽल म्हणजे विक्री. टेल म्हणजे सांगणे आणि टेऽल म्हणजे शेपटी. एवढी एक खूण केली की घरं आपोआप वेगळी होतात. गेटच्या घरात लेट (होऊ देणे), नेट (जाळी), वेट (ओला), डेट (कर्ज, यातला बी मुका), स्वेट (घाम), थ्रेट (धमकी). गेऽटच्या घरात लेऽट (उशीर), डेऽट (तारीख), वेऽट (थांबणे, आणि वजनही), एऽट (आठ), स्ट्रेऽट (सरळ), ग्रेऽट. थ्रेट आणि ग्रेऽट दोन्ही ई-ए-टी ने संपतात, आणि 'हीट'ही तशीच संपते. तीन घरं झाली.

दुसरा खड्डा स आणि झ चा. इंग्रजीत शेवटचा एस पुष्कळदा झ सारखा वाजतो. रोझ, नोझ, दोझ (ते), टोझ (पायाची बोटं), गोझ हे सगळे एका घरातले. 'डोस' (औषधाची मात्रा) त्यांच्यासारखा दिसतो, पण त्याच्या शेवटी स आहे, त्यामुळे तो बाहेर. 'प्राइस' म्हणजे किंमत, तिला राइस आणि माइस जुळतात. 'प्राइझ' म्हणजे बक्षीस, त्याला वाइझ आणि साइझ. आपण दोन्हींना 'प्राईज' म्हणून मोकळे होतो आणि मग यमक चुकतं.

तिसरा भूतकाळाच्या ई-डी चा. मुलं 'वॉक्ड' म्हणतात, उच्चार 'वॉक्ट' आहे. एकदा हे कळलं की एक नवं भांडार उघडतं. पॅक्ट (बांधलं) हा फॅक्ट आणि ॲक्टशी जुळतो. मिस्ट (चुकलं, हुकलं) हा लिस्ट आणि फिस्ट (मूठ) यांच्याशी जुळतो. प्लेऽड (खेळलं) हा शेऽड (सावली) आणि मेऽडशी जुळतो. मोठ्या वर्गातली मुलं यात रमतात, कारण स्पेलिंग पाहून हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

लांब शब्दांना आणखी एक अट आहे. इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर पडतो, आणि शेपटी त्या जोरापासून मोजायची. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी चुकीची जोडी म्हणजे 'टीचर–डॉक्टर'. शेवटचा 'र' सारखा वाटतो म्हणून. पण टीचरचा जोर 'टी'वर आहे, म्हणून शेपटी -ईचर. तिला क्रीचर (प्राणी) जुळतो आणि प्रीचर (प्रवचनकार) जुळतो. फार्मरला आर्मर, म्हणजे चिलखत. 'रनिंग–सिंगिंग'चं तसंच. रनिंगला कनिंग (धूर्त) जुळतं, सिंगिंगला ब्रिंगिंग. आणि 'यलो' व 'बिलो' तर दिसायला जुळे, पण यलोचा जोर पहिल्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, सिलेबल) आणि बिलोचा दुसऱ्या. म्हणून यलोला फेलो, आणि बिलोला स्नो. जोर कुठे आहे हे शब्दकोशात उच्चारापुढे छोट्या उभ्या रेघेने दाखवलेलं असतं. रेघ ज्या अवयवाच्या आधी, जोर त्याच्यावर.

अर्थ सोबत आणा, नाहीतर शब्द परत ठेवा

मघाशी मुलं झम, टम यांच्यापाशी थांबली होती. वर्णमाला चढवून जे मिळतं त्यातलं बरंचसं शब्द नसतंच. म्हणून वर्गात आमचा नियम आहे: अर्थ सांगता आला तरच शब्द वहीत. एका पानावर तीन रकाने असतात. पहिल्यात देवनागरी उच्चार, दुसऱ्यात स्पेलिंग, तिसऱ्यात अर्थ, तोही एकच, आणि शक्यतो चित्र. पहिला रकाना आधी भरायचा. स्पेलिंग शब्दकोशात शोधायचं, दोन-तीन अंदाज करून. सापडलं नाही तर शब्द खोडायचा.

अर्थ एकच का? -एअर ची शेपटी घ्या. फेअर म्हणजे जत्रा. फेअर म्हणजे न्यायाला धरून. फेअर म्हणजे गोरा. आणि वेगळ्या स्पेलिंगचा फेअर म्हणजे एसटीचं भाडं. हेअर म्हणजे केस, दुसऱ्या स्पेलिंगने रानससा. पेअर म्हणजे जोडी, दुसऱ्या स्पेलिंगने नासपती. स्टेअर म्हणजे पायरी, दुसऱ्याने टक लावून पाहणे. बेअर म्हणजे अस्वल, सहन करणे, आणि दुसऱ्या स्पेलिंगने उघडा. एअर म्हणजे हवा, आणि मुक्या एच चा एअर म्हणजे वारस. एका बसण्यात हे सगळं मुलाच्या पुढ्यात ओतलं तर त्याच्या हाताला काहीच लागत नाही. मी पहिल्या दिवशी जत्रा, केस, जोडी, पायरी, अस्वल एवढेच देते. जत्रेत अस्वल, अस्वलाचे केस, पायरीवर चपलांची जोडी असं एक चित्र वहीत काढून घेते. ससा आणि भाडं पुढच्या आठवड्यात येतात, तेव्हा मुलं स्वतःच म्हणतात, "हा तं झालेला आहे मॅडम," आणि मग स्पेलिंग पाहून थांबतात. अर्थाचा फरक त्या थांबण्यात पक्का होतो.

अर्थ आणि यमक यांचं नातं याहूनही खोल आहे. काही शब्दांचं स्पेलिंग एकच, पण अर्थ ठरल्याशिवाय त्यांना काय जुळेल ते सांगताच येत नाही. बी-ओ-डब्ल्यू घ्या. धनुष्य असेल तर 'बो', त्याला गो आणि शो जुळतात. वाकून नमस्कार असेल तर 'बाउ', त्याला नाउ आणि काउ. टी-ई-ए-आर अश्रू असेल तर 'टिअर', फिअर आणि निअरच्या घरातला. फाडणे असेल तर 'टेअर', चेअर आणि केअरच्या. एल-ई-ए-डी म्हणजे नेतृत्व करणे असेल तर 'लीड', नीड आणि सीडशी जुळणारा. शिसं हा धातू असेल तर 'लेड', रेड आणि बेडशी. डब्ल्यू-आय-एन-डी वारा असेल तर 'विंड', गुंडाळणे किंवा चावी देणे असेल तर 'वाइंड', माइंड आणि काइंडचा भाऊ. म्हणून पुस्तकातल्या कवितेत असा शब्द आला तर आधी ओळ पूर्ण वाचून अर्थ लावायचा. "अर्थ नंतर पाहू, आधी यमक शोध" असं मुलाला सांगू नका. इथे ते चालतच नाही.

मोबाइलवर शोधताना

ऱ्हाइमझोन नावाचं संकेतस्थळ आहे. शब्द टाकला की यमकांची यादी येते, एक अवयवाचे शब्द आधी, मग दोन अवयवांचे, असं लावून. त्याआधी इंग्रजांकडे छापील यमककोश होतेच. जॉन वॉकरने १७७५ साली शब्द शेवटच्या अक्षराकडून मागे लावून असा एक कोश काढला होता. पण त्याची मांडणी स्पेलिंगवर होती. आताची साधनं उच्चारावर चालतात, हा मोठा फायदा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ही साधनं बहुधा अमेरिकन उच्चार धरतात. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची. अमेरिकेत टोमॅटोचा उच्चार 'टमेटो', त्यामुळे तो 'पटेटो'शी जुळतो. ब्रिटनमध्ये 'टमाटो' म्हणतात, जुळत नाही. 'क्लार्क' आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये पार्कशी जुळतो, अमेरिकेत तो 'क्लर्क' होऊन वर्कशी जुळतो. एबीसीच्या गाण्यात शेवटी आपण 'झेड' म्हणतो आणि चाल अडखळल्यासारखी वाटते. ते गाणं अमेरिकेतलं, तिथे शेवटी 'झी' आहे, जी, पी आणि व्ही यांच्याशी जुळणारी. शब्दकोशाच्या संकेतस्थळांवर बहुधा दोन्ही उच्चारांची ध्वनिचिन्हं असतात, ब्रिटिश आणि अमेरिकन. दोन्ही ऐकवा. मुलं भांडत नाहीत, उलट त्यांना आवडतं.

दुसरं म्हणजे, त्या यादीत शेकडो शब्द येतात आणि त्यातले अर्धे कुणी आयुष्यात वापरत नाही. यादी उतरवून काढायला मुलांना लावू नका. आधी वर्णमालेने शोधू द्या, मग यादीशी ताडून पाहू द्या. आपल्याला सात सापडले आणि यादीतले आणखी तीन ओळखीचे निघाले, यातला आनंद आयत्या शंभर शब्दांत नाही.

मूनला रूम, टाइमला माइन अशी जवळची पण अपुरी यमकंही त्यात येतात. गाण्यांत ती सर्रास चालतात. परीक्षेत पूर्ण यमकच लिहायचं. दहावीला कवितेची यमकरचना विचारली तर ओळींचे शेवटचे शब्द फक्त मोठ्याने म्हणायचे. पहिल्या आवाजाला ए, नवा आवाज आला की बी, जुना पुन्हा आला की त्याचंच अक्षर. परीक्षेत मोठ्याने म्हणता येत नाही, तेव्हा ओठ हलवायचे. एवढंच आहे ते.

आणि ऑरेंज

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. शोधलं, विचारलं, पुन्हा शोधलं. ऑरेंजला रोजच्या इंग्रजीत पूर्ण यमक नाही. मंथलाही नाही. वेल्समध्ये ॲबरगॅव्हनी गावाजवळ 'ब्लॉरेंज' नावाचा एक डोंगर आहे, तो जुळतो, पण डोंगर एकच आणि तोही दूर.

शब्दाचा अर्थ शोधायला गेले तेव्हा मात्र मला मुलांना द्यायला काहीतरी मिळालं. ऑरेंज मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातला नारंग फारसीत गेला, तिथून अरबीत, तिथून स्पेन आणि फ्रान्सकडे. वाटेत पुढचा न गळला आणि इंग्रजांच्या हाती ऑरेंज पडला. आपल्या नारिंगी रंगात तो न अजून शाबूत आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं कुंपणापलीकडच्या झाडांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होती.

मग त्यांना एक युक्ती दिली, कविता करणारे सगळे वापरतात ती. शब्दाला यमक नसेल तर त्याला ओळीच्या शेवटी बसवू नका. मध्ये घ्या, आणि शेवटी असा शब्द ठेवा ज्याच्या शेपटीला भरपूर डोकी मिळतात. -ई ची शेपटी घ्या: बी, सी, ट्री, फ्री, थ्री, नी (गुडघा), की (किल्ली), मी, शी, टी. प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या, ऑरेंज आला पाहिजे, आणि आलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगता आला पाहिजे.

खिडकीजवळच्या मुलाने सगळ्यांच्या शेवटी वही आणली. पहिल्या रकान्यात, देवनागरीत, त्याने लिहिलं होतं:

दि ऑरेंज ऑन द ट्री
इज फॉर यू अँड मी